बिलाखालचं 'ई. अँड ओ. ई.': तुम्ही नेमकं काय छापताय?

तुमचं बिलबुक जरा समोर घ्या आणि सहीच्या आसपास बघा. 'ई. अँड ओ. ई.' असं बारीक अक्षरात दिसतंय का? बहुतेक जण छापखानेवाल्याच्या नमुन्यातून ते तसंच उचलतात. पौडमध्ये दुकानावर पुण्याहून माल येतो, त्याच्या बिलांवरही ते असतं.

पूर्ण वाक्य असं: 'एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड.' म्हणजे नजरचुकीने झालेल्या आणि राहून गेलेल्या गोष्टी वगळून हे बिल बरोबर आहे. आपल्या जुन्या वहीखात्यातलं 'चू. भू. द्या. घ्या.' आठवतंय? चूकभूल द्यावी घ्यावी. तेच हे! उलट आपलं मराठी जास्त सरळ आहे. चूक माझी निघाली तर मी देईन, तुमची निघाली तर घेईन.

गडबड होते ती पूर्ण शब्द लिहिताना. कुणी 'ॲक्सेप्टेड' छापतं, म्हणजे चुका मान्य! कुणी 'एक्स्पेक्टेड' छापतं, म्हणजे चुका अपेक्षित! गिऱ्हाईक हसेल, आणि मोठ्या कंपनीचा अकाउंटंट तुमच्याबद्दल मत बनवून मोकळा होईल. लक्षात ठेवायची खूण सोपी आहे. सुरुवात 'ए'ने नाही, 'ई'ने. आणि 'ई-एक्स'नंतर 'सी' येतो, 'पी' नाही.

आता महत्त्वाचं. हे छापलं म्हणजे आपण सुटलो का? नाही.

समजा 450 रुपये दराने 40 पाइप विकले. बिल हवं 18,000 चं, टाइप झालं 1,800. दर आणि नग बिलावर दिसतायत, म्हणजे ही हिशेबाची चूक आहे. इथे ही ओळ तुमच्या बाजूने बोलते. पण तुम्ही दरच चुकीचा सांगितला आणि गिऱ्हाइकाने विश्वासाने तो मान्य केला, तर गोष्ट वेगळी. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 22 सांगतं की फक्त एका बाजूची चूक झाली म्हणून करार रद्द करता येत नाही.

जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर खाडाखोड करून भागत नाही. कर कमी लागला असेल तर डेबिट नोट, जास्त लागला असेल तर क्रेडिट नोट काढायची. सीजीएसटी कायद्याचं कलम 34 यासाठीच आहे. क्रेडिट नोट विवरणपत्रात दाखवायला मुदत असते: ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते.

आणि एक गंमत बघा. टॅक्स इनव्हॉइसवर काय हवं याची यादी नियम 46 मध्ये आहे, त्यात 'ई. अँड ओ. ई.' नाहीच! ते ऐच्छिक आहे. पण तुम्ही कंपोझिशन योजनेत असाल, तर 'कंपोझिशन टॅक्सेबल पर्सन, नॉट एलिजिबल टू कलेक्ट टॅक्स ऑन सप्लाइज' ही ओळ बिल ऑफ सप्लायच्या वरच्या बाजूला सक्तीची आहे. ऐच्छिक ओळ आहे आणि सक्तीची गायब, असं तुमच्या बिलावर नाही ना?

पुढचं बिलबुक छापायला टाकण्याआधी प्रूफ स्वतः वाचा. ॲप वापरत असाल तर बिलाचा नमुना आजच उघडून बघा. आणि इंग्रजीची खात्री नसेल तर बिनधास्त 'चू. भू. द्या. घ्या.' छापा. गिऱ्हाइकाला ते लगेच कळेल.