खड्ड्यातील आठ मोटारी

12 फेब्रुवारी 2014 च्या पहाटे अमेरिकेतील केंटकी राज्यात, बोलिंग ग्रीन येथील कॉर्व्हेट संग्रहालयाची जमीन खचली आणि आठ मोटारी खोल विवरात कोसळल्या. आरंभी आठही दुरुस्त करण्याचा जनरल मोटर्सचा मानस होता. तपासणीनंतर तीनच निवडल्या गेल्या. तारणाची किंमत एक आणि ते पूर्ववत करण्याचा खर्च निराळाच, हे आम्ही बँकेतले लोकही पुष्कळदा उशिराच ओळखतो.

1992 ची पांढरी, दहा लाखावी कॉर्व्हेट मात्र निव्वळ नवे भाग घालून भागणारी नव्हती. ती घडवणाऱ्या कामगारांनी तिच्या भागांवर स्वाक्षऱ्या केल्या होत्या. भाग बदलला की सही गेली! म्हणून कारागिरांनी सुमारे 1,200 तास खपून शक्य तेवढे जुनेच भाग राखले. जे वाचले नाहीत, त्यांवरील सह्यांच्या हुबेहूब प्रती नव्या भागांवर उतरवल्या.

उरलेल्या पाच मोटारी चेपलेल्या अवस्थेतच मांडल्या आहेत. दुर्घटनेनंतर प्रेक्षक उलट वाढले. तेव्हा विवराचा काही भाग उघडाच ठेवावा, असाही विचार झाला. परंतु खर्चाचा आकडा पाहून ते बुजवण्यात आले.