थंड वणव्याचा चटका

होळीच्या आगेमागे अलिबागहून रेवदंडा, काशीद करत संध्याकाळचं मुरूडकडे निघालं, की डाव्या हाताच्या एखाद्या डोंगरावर आगीची बारीक नागमोडी रेघ हमखास दिसते. सकाळी तिथे काळा पट्टा उरतो. त्याची बातमी क्वचितच होते.

बातमी होते ती कॅनडाची. २०२३ मध्ये तिथे दीड कोटी हेक्टरच्या आसपास जंगल जळालं. पण जगात दरवर्षी जळणाऱ्या जमिनीतला सर्वांत मोठा वाटा आफ्रिकेतल्या गवताळ रानांचा असतो आणि तिथे त्याचं कुणाला फारसं नवलही वाटत नाही. सगळ्या आगींना एकाच मापाने मोजून चालत नाही, ते यासाठी. दक्षिण आफ्रिकेच्या संशोधक सॅली आर्चिबाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उपग्रहांच्या नोंदी चाळून जगातल्या वणव्यांचे पाच गट पाडले. आग किती वर्षांनी परतते, किती तापते, किती पसरते, हंगाम किती लांब आणि वर्षाला किती जमीन जळते, हे त्यांचे निकष. कॅनडा-सैबेरियाची आग क्वचित येते, पण प्रचंड असते. आफ्रिकेच्या मोठ्या भागात ती वारंवार येते, पण थंड आणि लहान असते. शेती आणि जंगलतोड जिथे चालते, तिथल्या मधूनमधून लागणाऱ्या लहान आगींचा गट निराळा.

रायगडचा वणवा स्वभावाने या थंड, लहान आगींच्या कुळातला. चार महिने धो धो पाऊस, त्यावर कमरेएवढं गवत आणि जानेवारीपासून त्याचं वाळण. आग शेंड्यांवर चढत नाही, गवत आणि पातेरा खात जमिनीलगत सरकते. दुपारी खारे वारे सुटले की ती चढावर धावते. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. रात्री मतलई वाहू लागली की जोर ओसरतो. वीज पडून लागलेली आग इथे शोधावी लागेल. पावसाळ्यात चांगलं गवत यावं म्हणून, शिकारीसाठी, जागा मोकळी करायला, नाहीतर निव्वळ खोडी म्हणून काडी ओढणारा माणूसच असतो.

ऐनाची जाड, खवल्याखवल्यांची साल असली आग सहज सोसते. कुंभाही तगतो. (त्याच्या सालीचा धागा एकेकाळी बंदुकीच्या तोड्याला वापरत, कारण तो धुमसत राहतो.) मरतं ते वीतभर रोप. यंदा जळालं, पुढच्या वर्षी पुन्हा फुटलं, पुन्हा जळालं. मोठी झाडं उभी दिसतात म्हणून रान शाबूत वाटतं, पण त्यांच्या जागी येणारी पिढीच खाली नसते. माझ्या मते खरं नुकसान हेच आहे, आणि ज्वाळेच्या उंचीवरून ते कधीच कळणार नाही.

उपग्रहालाही हा वणवा नीट दिसत नाही. जळालेल्या जमिनीच्या जागतिक नकाशांत बराच काळ वापरात असलेला एक चौकोन ५०० मीटरचा, म्हणजे २५ हेक्टरचा आहे. त्यात पाच-सात एकरांचा उतार हरवणारच. आगीची तत्काळ सूचना देणारे काही उपग्रह साधारण दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात. सांजेला पेटून अकराला विझलेला वणवा त्यांच्या हिशेबात येत नाही.

मात्र वणव्याच्या रागात राबाला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याला, झोडपू नये. शेण, कवळ (झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या), पातेरा, गवत आणि वर मातीचा थर रचून, वाऱ्याच्या विरुद्ध अंगाने शेतकरी तो पेटवतो, म्हणजे तो भडकत नाही, सावकाश धुमसतो. तणाचं बी मरतं, भाताच्या रोपांसाठी जमीन भुसभुशीत होते. ब्रिटिश कृषिरसायनतज्ज्ञ व्हॉलकर यांनी १८९३ च्या अहवालात या पद्धतीची गांभीर्याने दखल घेतली होती. कवळासाठी झाडं बोडकी होतात, हा आक्षेप खरा. तरी बांधाआड राखलेली आग आणि डोंगरावर सोडून दिलेली आग एकाच खात्यात घालता येत नाही. ठिणगी उडाली, तर एकीची दुसरी होते, एवढंच.

थंड वणव्याला विमानं लागत नाहीत. हिरव्या डहाळ्यांनी झोडपून चार-सहा माणसं तो विझवू शकतात, वेळेवर पोचली तर. त्याहून मोलाचं काम आधीचं. फणसाडसारख्या अभयारण्यांत आणि राखीव वनांत गवत पुरतं वाळण्याआधी जाळरेषा काढतात, म्हणजे कडेचा पट्टा कापून, देखरेखीखाली जाळून मोकळा करतात. हे उरकायचं ते थंडीत. मार्चमध्ये तीच काडी हाताबाहेर जाते.