पाण्याचा हिशेब जुळला, जेवणाचा नाही

६८ किलो. ५ जून २०२४ रोजी बोइंगचे स्टारलाइनर यान सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना घेऊन उडाले, तेव्हा साधारण एवढ्या वजनाचा एक पंप ऐनवेळी यानात चढवला गेला होता. त्याला जागा हवी म्हणून दोघांच्या कपड्यांच्या आणि प्रसाधनाच्या बॅगा खाली ठेवाव्या लागल्या. पंप होता लघवीचे पाणी करणाऱ्या यंत्राचा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा आधीचा पंप बंद पडला होता आणि तिथे लघवी साठवून ठेवण्याची पाळी आली होती. जेमतेम आठवड्याभराचा तो दौरा पुढे २८६ दिवसांचा झाला, ही गोष्ट जगभर गाजली. बॅगा की पंप, हा निवाडा मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. अंतराळवीर कसे राहतात आणि काय खातात, हे समजून घ्यायचे तर सुरुवात तिथूनच करावी लागते, कारण वर प्रत्येक गोष्टीची किंमत आधी किलोत ठरते.

पिणे, खाद्यपदार्थ भिजवणे आणि अंग पुसणे, या सगळ्यासाठी एका अंतराळवीराला दिवसाला सुमारे ३.८ लिटर पाणी लागते. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याचा निकष माणशी १३५ लिटर आहे. वर शॉवर नाही, धुलाई नाही, वाहत्या पाण्याचे स्वच्छतागृह नाही, म्हणून एवढ्यावर भागते. स्थानकावर सहसा सात जण असतात. सात जणांचे रोजचे पाणी झाले २६.६ लिटर आणि वर्षाचे सुमारे ९,७०० लिटर, म्हणजे ९.७ टन.

आता भाडे पाहू. खासगी कंपन्यांना स्थानकावर सामान न्यायचे असेल, तर त्यासाठी नासाने २०२१ मध्ये जाहीर केलेला दर किलोला २०,००० डॉलर होता. डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर एक लिटर पाणी १७ लाख रुपयांना पडते. सगळे पाणी खालून न्यायचे ठरवले, तर नुसत्या पाण्याचे भाडे रोज साडेचार कोटी रुपये. नासा स्वतःच्या सामानाला हाच दर लावत नाही, त्यामुळे हा आकडा ढोबळ आहे. पण तो निम्मा धरला तरी निष्कर्ष बदलत नाही: वर गेलेला थेंब वाया घालवणे परवडत नाही.

म्हणून २००८ च्या नोव्हेंबरमध्ये पाणी परत मिळवणारी यंत्रणा स्थानकावर गेली आणि २००९ च्या मे महिन्यात अंतराळवीरांनी लघवीपासून केलेले पाणी पहिल्यांदा प्यायले. हवेतली वाफ, म्हणजे घाम आणि श्वासातून निघणारा ओलावा, थंड करून गोळा केला जातो. लघवीचे ऊर्ध्वपातन कमी दाबाखाली, फिरत्या पिंपात होते. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम जाणवत नसल्यामुळे तिथे द्रव तळाशी बसत नाही आणि वाफ आपणहून वर जात नाही, म्हणून पिंप फिरवून द्रव कडेला लोटावा लागतो. उरलेल्या दाट, खारट द्रवातूनही पाणी खेचणारे आणखी एक यंत्र पुढे आले, आणि २०२३ मध्ये नासाने जाहीर केले की पाणी परत मिळण्याचे प्रमाण ९८ टक्क्यांवर पोचले आहे. आधी ते ९३-९४ टक्के होते.

चार टक्क्यांत एवढे कौतुक कसले, असे वाटू शकते. पण इथे पाहायचा तो तोटा. ९४ टक्के पाणी परत येते तेव्हा ६ टक्के जाते. ९८ येते तेव्हा २ टक्के. गळती एक-तृतीयांशावर आली. वरच्या ९,७०० लिटरच्या हिशेबात सांगायचे, तर वर्षाला ५८० लिटर पाठवावे लागत होते, तिथे आता १९४ लिटर पुरावेत. टक्केवारी शंभराच्या जवळ गेली की शेवटचे टक्के सर्वांत महाग आणि सर्वांत मोलाचे होतात.

लघवी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा एक किस्सा मला सर्वांत उद्बोधक वाटतो. लघवीतले ८५ टक्के पाणी परत मिळावे, अशी त्याची मूळ रचना होती. प्रत्यक्षात ते तुंबले. कारण सापडले अंतराळवीरांच्या हाडांत. शरीराचे वजन पेलावे लागत नसल्यामुळे कंबर आणि मांडीच्या हाडांची घनता महिन्याला १ ते १.५ टक्क्याने घटते. त्यातले कॅल्शियम लघवीतून बाहेर पडते. लघवी टिकवण्यासाठी तिच्यात सल्फ्युरिक आम्ल मिसळत, त्याच्याशी कॅल्शियमचा संयोग होऊन कॅल्शियम सल्फेटचे खडे धरत. काही वर्षे यंत्र ७०-७५ टक्क्यांवरच चालवावे लागले. पुढे सल्फ्युरिकऐवजी फॉस्फोरिक आम्ल आले आणि अडचण सुटली. अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात तो हाडे आणि स्नायू टिकवण्यासाठी. पण हाडे झिजली की त्याचा भार नळावरही पडतो.

श्वासाचा प्रश्नही शेवटी पाण्यापाशीच येतो. माणसाला दिवसाला ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो, सात जणांना ५.९ किलो. तो मिळतो विजेने पाण्याचे विघटन करून. एक किलो ऑक्सिजनला सुमारे १.१३ किलो पाणी खर्ची पडते. बरोबर निघालेला हायड्रोजन उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडशी जुळवला की पुन्हा थोडे पाणी हाती येते आणि मिथेन उरतो. तो मिथेन बाहेर सोडून देतात आणि त्याच्याबरोबर निम्मा हायड्रोजनही जातो. ही गळती अजून बुजलेली नाही.

आता जेवण. नासाच्या आकड्यांनुसार एका माणसाच्या एका जेवणाचे वजन ०.८३ किलो, त्यात ०.१२ किलो नुसते वेष्टन. तीन वेळा, सात जण, म्हणजे दिवसाला साडेसतरा किलो आणि वर्षाला सुमारे ६.४ टन. यातले ९०० किलोंहून अधिक वजन खाण्याचे नसून पाकिटांचे आहे, आणि ती पाकिटे कचरा होऊन मालवाहू यानाबरोबर वातावरणात जळतात. पाण्याची गरज जास्त असूनही ते १९४ लिटरवर आले; अन्न मात्र ६.४ टनांवरच आहे. पाण्याच्या तेहतीसपट. अन्न परत मिळण्याचे प्रमाण जवळजवळ शून्य टक्के आहे.

पाण्याला जोडून असलेला एक बदल फारसा सांगितला जात नाही. स्पेस शटलमध्ये वीज इंधनघटांपासून मिळे आणि त्यात पाणी आयतेच तयार होई. त्यामुळे अन्न कोरडे करून नेणे आणि वर भिजवणे फायद्याचे होते. स्थानकाला वीज सौर पट्ट्यांपासून मिळते, पाणी आयते मिळत नाही. तिथे कोरड्या अन्नाबरोबरच उष्णतेने निर्जंतुक केलेले ओले अन्नही भरपूर जाते. त्यातले पाणी खाणाऱ्याच्या घामा-लघवीतून याच चक्रात येते आणि गळतीचा काही भाग भरून काढते.

चवीच्या बाजूने मोठी मजल मारली गेली आहे, हे मान्य करायला हवे. १९६१ मध्ये युरी गागारिन यांच्या वाट्याला नळ्यांमधला मांसाचा लगदा आणि चॉकलेट आले. १९६५ मध्ये जॉन यंग यांनी जेमिनी-३ मध्ये सँडविच लपवून नेले आणि त्याचा चुरा हवेत तरंगू लागला. चुरा यंत्रात किंवा डोळ्यात जाण्याची भीती असते, म्हणून या प्रकरणाची अमेरिकी संसदेतही चर्चा झाली. १९८५ मध्ये मेक्सिकोचे रोडोल्फो नेरी वेला यांनी टॉर्टिया नेल्या आणि पावाची सद्दी संपली. (चपातीप्रेमींनी याची नोंद घ्यावी.) आज मीठ पाण्यात विरघळवून आणि मिरपूड तेलात मिसळून देतात, पदार्थांची यादी २०० च्या आसपास आहे. शिजवणे मात्र नाहीच. गरम पाणी घालणे किंवा पाकीट तापवणे, एवढेच. शरीरातले द्रव डोक्याकडे सरकल्याने नाक चोंदल्यासारखे होते, चव मंदावते आणि तिखट सॉसला मागणी वाढते. खारटपणा वाढवून चव आणणे सोपे होते, पण सोडियम हाडांना आणि डोळ्यांना मारक असल्याची शंका आली, तेव्हा नासाने ९० हून अधिक पदार्थ नव्याने बेतून रोजचे सोडियम ५,३०० मिलिग्रॅमवरून ३,००० वर आणले.

भारतीय पदार्थही वर गेले आहेत. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सल्यूत-७ वर गेले, तेव्हा म्हैसूरच्या संरक्षण खात्याच्या अन्नसंशोधन प्रयोगशाळेने रव्याचा हलवा, पुलाव आणि आलू-छोले तयार करून दिले होते. जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांनी गाजर हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला. त्यांच्या मोहिमेतली माझ्या मते अधिक महत्त्वाची खाद्यवस्तू मात्र वेगळी होती: मूग आणि मेथीचे दाणे, जे त्यांनी तिथे भिजवून मोडवले.

कारण तेहतीसपटीचा तो फरक कमी करायचा तर वरच पिकवावे लागेल. आजवरची प्रगती माफक आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये स्थानकावर वाढवलेली लाल लेट्यूस अंतराळवीरांनी खाल्ली, २०२१ मध्ये मिरच्या आल्या. पुढे अंतराळवीर फ्रँक रुबियो यांच्या वाट्याचे छोटे टोमॅटो हरवले आणि त्यांनीच ते गुपचूप खाल्ले असावेत अशी थट्टा सुरू झाली. बऱ्याच महिन्यांनी सुकलेले टोमॅटो सापडले आणि रुबियो निर्दोष सुटले. गंमत सोडली, तर यातले काहीही किलोंच्या हिशेबात दिसण्याएवढे नाही.

मंगळाच्या वाटेवर हा हिशेब डोळ्यांत भरतो. चार माणसे, तीन वर्षे धरली तर पाण्याची गरज १६.६ टन, ९८ टक्के परत मिळाले, तर न्यायचे फक्त ३३० किलो. अन्न मात्र १०.९ टन, आणि त्यात दीड टनांहून अधिक पाकिटे. शिवाय मध्ये मालवाहू यान येणार नाही, त्यामुळे ते सुमारे पाच वर्षे टिकले पाहिजे. पाकिटातला हलवा पाच वर्षे खराब होऊ न देणे कदाचित जमेल. पण त्याच काळात क जीवनसत्त्व आणि ब-१ घटत जातात. पोट भरेल आणि पोषण उणे पडेल, अशी ती अडचण आहे.

बाकीच्या राहणीच्या दोनच गोष्टी सांगतो. दिवसाला १६ सूर्योदय होतात, झोपेसाठी साडेआठ तास राखून ठेवलेले असतात, आणि अंतराळवीर सरासरी झोपतात ते सुमारे सहा तास. कपडे धुता येत नाहीत. माणशी वर्षाला सुमारे ७० किलो कपडे वापरून कचऱ्यात जातात. पाणी वाचवण्याची किंमत अशी दुसऱ्या खात्यावर पडते.

भारताच्या गगनयानात तीन जण तीन दिवस राहायचे आहेत. वरच्याच दराने त्यांना २२ किलो अन्न आणि ३४ लिटर पाणी पुरेल. ते बरोबर नेणेच शहाणपणाचे, कारण शुद्धीकरणाची यंत्रणा त्या पाण्यापेक्षा कितीतरी जड असते. पण २०३५ पर्यंत भारताला स्वतःचे अंतराळ स्थानक हवे आहे. तिथे तीन माणसे वर्षभर राहिली तर ४,१६० लिटर पाणी लागेल, किंवा लघवीवर चालणारे भरवशाचे यंत्र आणि ८३ लिटर. आपल्याकडे बातमी हलव्याची होते. अभियंते आणि निधी मात्र आजपासून त्या यंत्रावर आणि मोडाच्या मेथीवर लागले पाहिजेत. नाहीतर स्थानक आपले आणि पाणी दुसऱ्याकडून, अशी अवस्था होईल.