कुलूप उघडण्यापूर्वी मोबाईलमधील नोंदींची जपणूक

शेतकऱ्याच्या घरी महत्त्वाचे कागद पूर्वी ट्रंकेत असत. आज आडत्याची पट्टी, खताची पावती, बियाण्याच्या पिशवीवरील लेबल आणि अतिवृष्टीने आडव्या झालेल्या पिकाची छायाचित्रे यांपैकी पुष्कळशा गोष्टी केवळ मोबाईलमध्ये असतात. बियाणे न उगवल्याची तक्रार करावयाची झाल्यास त्या लेबलाच्या छायाचित्राचे मोल काय, हे निराळे सांगावयास नको. असे असूनही मोबाईलचे कुलूप उघडेनासे झाले की तो तसाच तालुक्याच्या दुकानी नेऊन दिला जातो. संध्याकाळी संच उघडून मिळतो खरा. परंतु आत काहीही शिल्लक नसते.

यात दुकानदाराचा दोष बहुधा नसतो. अँड्रॉइड पद्धतीच्या अलीकडील संचांत साठविलेली माहिती सांकेतिक रूपात असते व ती उलगडण्यास पडद्यावरील पॅटर्न किंवा पिनच लागते. ती आठवत नसेल, तर संच पूर्ण पुसून कोरा करणे एवढाच उपाय सर्वसाधारणपणे उरतो. परदेशातील नातलगांनी पाठविलेल्या काही संचांना मात्र निराळे कुलूप असते. ते विशिष्ट कंपनीचेच सिमकार्ड स्वीकारतात. कंपनीने स्वतः हे कुलूप काढल्यास माहिती सहसा जात नाही. दुकानात नवी प्रणाली भरून ते काढल्यास मात्र ती पुसली जाण्याचा संभव असतो. आयफोनच्या बाबतीत दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड हाताशी नसेल, तर नक्कल घेऊन संच पुसावा व नंतर माहिती परत भरावी, अशी निर्मात्या कंपनीचीच सूचना आहे.

पॅटर्न विसरला, पण बोटाच्या ठशाने संच अजून उघडतो, अशी स्थिती असेल तर तो बंद करू नये. बंद करून पुन्हा चालू केल्यावर ठसा चालत नाही, पिनच मागितली जाते. न बंद करताही काही काळाने ती मागितली जातेच. म्हणून बॅटरी उतरू न देता त्याच बैठकीत नक्कल घ्यावी. संच संगणकास तारेने जोडून छायाचित्रे उतरवून घेणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग होय. संगणक नसल्यास ती मेमरी कार्डावर घ्यावीत व कार्ड काढून घरी ठेवावे. मात्र जे कार्ड संचाची अंतर्गत साठवण म्हणून जोडलेले असेल, ते दुसऱ्या संचात वाचता येत नाही.

व्यापारी, ट्रॅक्टरवाले, पशुवैद्य यांचे क्रमांक गूगल खात्यात आहेत की केवळ संचात, हे पाहावे. व्हॉट्सॲपची नक्कल गूगल ड्राइव्हवर ठेवता येते. तीत चित्रफिती हव्या असल्यास तसे वेगळे निवडावे लागते. ही साठवण त्या खात्याच्या विनामूल्य 15 जीबी जागेत धरली जाते. जागा भरली असल्यास नवी नक्कल होत नाही. ई-पीक पाहणीची जी नोंद अद्याप अपलोड झालेली नसेल, ती आधी अपलोड करावी. नक्कल झाली असे संचाने सांगितले, एवढ्यावर विसंबू नये. दोनचार छायाचित्रे दुसऱ्या संचावर उघडून पाहावीत.

यूपीआयविषयी पुष्कळांना धास्ती वाटते. पैसे बँकेत असतात, मोबाईलमध्ये नव्हे. तेच सिमकार्ड घालून नोंदणी पुन्हा करता येते. खरी अडचण गूगल खात्याची असते. अँड्रॉइड संच अशा रीतीने कोरा केल्यावर पूर्वीचेच कुलूप किंवा खाते व त्याचा पासवर्ड मागितला जातो. हे खाते कित्येकदा संच विकणाऱ्यानेच उघडून दिलेले असते व मालकास त्याचे नावही ठाऊक नसते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी संच दुरुस्तीस जाण्यापूर्वी ते नाव पाहून शेतकऱ्याच्या वहीत उतरवून द्यावे, आणि पासवर्ड शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने घरच्या वहीत लिहून ठेवावा. दुकानदारास देऊ नये.