लंका जाळणं स्कोपमध्ये नव्हतं

मलकापूरहून खामगावकडे निघालं की नांदुऱ्यात हायवेच्या कडेला 105 फुटी मारुती उभा दिसतो. लोक गाडीतूनच हात जोडतात आणि पुढे जातात. कॉम्प्युटर लाइनला लागलेल्या आमच्या पोरांनी मात्र दोन मिनिटं थांबावं. मालकाच्या सांगण्यावरून त्याच्याच सिस्टिममध्ये घुसायचं आणि भोकं शोधून द्यायची, या धंद्याला 'पेनटेस्ट' म्हणतात. त्याच्या बऱ्याचशा पायऱ्या मारुतीराया आधीच चढून गेलाय.

आधी टेहळणी. सीता लंकेत आहे हे वानरांना समुद्राच्या अलीकडेच कळलं, संपाती गिधाडाने सांगितलं म्हणून. आजचा टेस्टरही सुरुवातीला सिस्टिमला बोट लावत नाही, कंपनीच्या नोकरीच्या जाहिराती वाचतो. 'ओरॅकल येणारा माणूस पाहिजे' असं छापून आलं की आतला डेटाबेस कुठला, ते फुकटात समजलं.

मग स्कॅनिंग. एका आयपी पत्त्याला टीसीपीची 65,536 पोर्ट, म्हणजे तेवढी दारं. कुठलं उघडं राहिलंय ते बघायला एनमॅप नावाचं हत्यार 1997 पासून आहे. 'द मॅट्रिक्स रीलोडेड'मध्ये ट्रिनिटी वीजकंपनीची सिस्टिम फोडते, तेव्हा पडद्यावर खरंखुरं एनमॅप चालतं. सिनेमातलं हॅकिंग एरवी नुसतं हिरव्या अक्षरांचा पाऊस असतं!

शिरकाव सगळ्यांना थरारक वाटतो, पण तो उरकतो पटकन. वेशीवरची लंकिनी डाव्या हाताच्या एका ठोशात आडवी. पुण्याच्या कॉसमॉस बँकेत ऑगस्ट 2018 मध्ये चोरांनी तर ठोसाही मारला नाही, खोटी लंकिनीच उभी केली. कार्डाच्या व्यवहाराला होकार द्यायचं काम स्विचचं. त्याच्या जागी चोरांचा बनावट स्विच बसला आणि बनावट कार्डांना 'दे पैसे' म्हणत राहिला. 28 देशांतल्या एटीएममधून नोटा निघाल्या. बँकांच्या आंतरराष्ट्रीय 'स्विफ्ट' यंत्रणेतून हाँगकाँगला पाठवलेले धरून 94 कोटींवर रक्कम गेली.

आत पोचल्याचा पुरावा म्हणून मारुतीने चूडामणी आणला. टेस्टरनेही एवढंच करायचं, खूण आणायची, तिजोरी नाही. शेपटीचं प्रकरण मात्र नियमात बसत नाही. चालू सर्व्हर बंद पाडायला करारात बहुधा मनाईच असते.

रिपोर्ट काय दिला पण! युद्धकांडात राम विचारतो आणि मारुती लंकेचे चार दरवाजे, अडसर, खंदक, त्यांवरचे पूल, सगळं घडाघडा सांगतो. घोळ एकच, रिपोर्ट मालकाला न जाता मालकाच्या शत्रूला गेला. रावणाची परवानगीही नव्हती. आज हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 आणि 66 खाली आलं असतं. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

परवानगीचं पत्र खिशात असूनही फजिती होते ती वेगळीच. 2019 मध्ये अमेरिकेतल्या आयोवात राज्याच्या न्यायखात्यानेच नेमलेले दोन टेस्टर रात्री कोर्टाच्या इमारतीत शिरले. अलार्म वाजला, शेरीफ आला. दोघांनी पत्र दाखवलं. इमारत काउंटीची, राज्याची नाही, असं म्हणून त्याने दोघांनाही आत टाकलं! गुन्हे मागे घ्यायला पुढचं वर्ष उजाडलं.

परवानगी कशी द्यावी ते बघायचं तर रायगडची एक आख्यायिका आहे. गड बांधून झाल्यावर शिवाजी महाराजांनी भर दरबारात आव्हान दिलं म्हणतात. दरवाजा सोडून कुठूनही वर या, पण दोर नाही, शिडी नाही. हाच तो स्कोप, म्हणजे काय करायचं आणि काय नाही याची मालकाने स्वतः आखून दिलेली हद्द. लहानपणापासून डोंगर पायाखालचा असलेला एक महार गडी पुढे झाला, कडा चढला, वर निशाण रोवलं आणि मुजऱ्याला हजर झाला. त्याला सोन्याचं कडं आणि मोहरांची थैली मिळाली. तो ज्या वाटेने चढला, ती महाराजांनी लगेच बंद करून टाकली.