पावती शोरूमची, हमी कुणाची?

नळदुर्गहून सोलापूर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. पुणे-हैदराबाद महामार्गावरून मोटारसायकलने तासाभराची वाट. नळदुर्गचा एखादा तरुण सोलापुरात कामाला असेल आणि रोज जाऊन-येऊन करत असेल, तर त्याची गाडी दिवसाला ९० किलोमीटर पळते. वर्षाचे ३०० दिवस धरले तर २७,००० किलोमीटर झाले. आता शोरूममधला फलक आठवून पाहा : '५ वर्षे किंवा ७०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते'. या तरुणाची पाच वर्षांची हमी अडीच वर्षांनंतर महिन्याभरातच संपते. गाडी घेताना हा हिशोब त्याला कुणी करून दाखवलेला नसतो.

वाढीव हमी, म्हणजे सगळे जिला 'एक्स्टेंडेड वॉरंटी' म्हणतात ती, विकली जाते गाडी ताब्यात मिळण्याच्या दिवशी. घरची चार माणसे सोबत आलेली असतात, हार आणलेला असतो, पेढे वाटायचे असतात. त्या गडबडीत पासिंग, विमा, हेल्मेट, सीट कव्हर यांच्या रांगेत आणखी एक रक्कम 'ऑन रोड' किमतीत मिसळते. गाडी हप्त्यावर असेल तर ती रक्कम वेगळी जाणवतही नाही. सह्या होतात, फोटो निघतो, गाडी आधी तुळजापूरला आईच्या दर्शनाला जाते. त्या पैशांच्या बदल्यात कुणी नेमके काय कबूल केले, हा प्रश्न तीन-चार वर्षांनी उभा राहतो. तोवर इंजिनातून खडखड येऊ लागलेली असते आणि काउंटरवरून उत्तर मिळते, "हे वॉरंटीत बसत नाही." कधी त्याहून वाईट उत्तर येते : "सिस्टीमला तुमची एंट्रीच दिसत नाही."

बहुतेक वादांचे मूळ या दुसऱ्या उत्तरात असते, म्हणून ते आधी समजून घेऊ.

कारखान्यातून गाडीसोबत येणारी मूळ हमी उत्पादक कंपनीची असते. वाढीव हमीचे तसे नाही. ती कंपनीची असू शकते, विक्रेत्याने स्वतःच्या जोरावर दिलेली असू शकते, किंवा शोरूम ज्याची नुसती विक्री करते अशा तिसऱ्याच संस्थेची असू शकते. कागद सारखेच गुळगुळीत, शिक्का तोच, पैसे घेणारा माणूसही तोच. शिवाय याच टेबलावर 'एएमसी', म्हणजे वर्षभराच्या सर्व्हिसिंगचा करारही मिळतो, आणि पुष्कळांना तोच वाढीव हमी वाटतो. एएमसीत मजुरी आणि ठरलेल्या सर्व्हिसिंग येतात. पिस्टन जाम झाला तर तिचा उपयोग नाही. पैसे भरताना म्हणूनच तीन गोष्टी पाहाव्यात : कागदावर हमी देणारा म्हणून कुणाचे नाव आहे, हमीपत्राला क्रमांक आहे का, आणि त्यावर चेसिस नंबर बरोबर आहे का. नुसती शोरूमची पावती म्हणजे हमीपत्र नव्हे.

कंपनी आणि विक्रेता या दोघांत ग्राहक कसा अडकतो, ते गोव्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट दिसते. वाद चारचाकीचा होता, पण मुद्दा दुचाकीला तसाच लागू पडतो. एका ग्राहकाने २०११ साली टाटा मोटर्सची गाडी विक्रेत्याकडून नवी म्हणून घेतली. ती निघाली २००९ सालची, आधीच काही शे किलोमीटर चाललेली. जिल्हा मंच, राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोग या तिन्ही पायऱ्यांवर ग्राहक जिंकला, आणि कंपनीलाही जबाबदार धरले गेले. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र कंपनीला त्यातून मोकळे केले. विक्रेता कंपनीकडून गाडी विकत घेऊन पुढे स्वतः विकतो, दोघांचे नाते धनी आणि प्रतिनिधीचे नाही. विक्रेत्याने केलेल्या लबाडीची कंपनीला माहिती होती असे दाखवता आले नाही, तर तिचा बोजा कंपनीवर टाकता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. विक्रेत्याची जबाबदारी कायम राहिली.

नळदुर्गच्या ग्राहकासाठी याचा अर्थ सरळ आहे. वाढीव हमीचे पैसे विक्रेत्याने घेतले आणि कंपनीकडे नोंदच केली नाही, तर एकट्या कंपनीवर भिस्त ठेवून चालणार नाही. तक्रारीत दोघांची नावे हवीत. कंपनीविरुद्धही एक बाजू उरतेच. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातले कलम २३७ सांगते की, समोरच्या माणसाला आपल्या प्रतिनिधीला अमुक अधिकार आहे असे वाटावे, असे वागणे मूळ धन्याचेच असेल, तर प्रतिनिधीने मर्यादा ओलांडली तरी धनी बांधला जातो. कंपनीचे बोधचिन्ह असलेला छापील अर्ज, कंपनीची जाहिरात, तिच्या नावाचे माहितीपत्रक असे कागद इथे कामाला येतात. वरचा निकाल पाहता ही बाजू जिंकेलच असे नाही, पण कागदच नसतील तर ती मांडताही येणार नाही.

आता पहिल्या उत्तराकडे, 'वॉरंटीत बसत नाही'. कधीकधी ते खरे असते. ब्रेक शू, क्लच प्लेट, चेन किट, प्लग, केबल, एअर फिल्टर असे वापराने झिजणारे भाग हमीत सहसा नसतात. टायर आणि बॅटरीची हमी त्या-त्या बनवणाऱ्याची असते. पाण्याचेही तसेच. पावसाळ्यात बोरी नदी भरून वाहू लागली की किल्ल्यातला नर-मादी धबधबा पाहायला शेकडो मोटारसायकली नळदुर्गात येतात. वाटेत एखाद्या ओढ्याच्या पाण्यातून गाडी रेटली आणि इंजिनात पाणी गेले, तर तो बनावटीचा दोष ठरत नाही. त्यासाठी हमी नव्हे, विमा पाहावा लागतो.

खरी ओढाताण होते ती चुकलेल्या सर्व्हिसिंगवरून. सोयाबीनची काढणी तोंडावर आलेली, त्या महिन्यात सर्व्हिसिंग वीस दिवस लांबते. किंवा गाडी वाटेत बंद पडते आणि गावातल्याच मिस्त्रीकडे न्यावी लागते. वर्षभराने गिअरबॉक्समधला एखादा दाता तुटतो, तेव्हा त्या वीस दिवसांवर बोट ठेवून सगळी हमी रद्द केली जाते. इथे ग्राहकाने एकच प्रश्न धरून ठेवावा : झालेल्या बिघाडाचा आणि चुकलेल्या सर्व्हिसिंगचा संबंध काय? ऑइल वेळेवर न बदलल्याने पिस्टन घासला, हे पटण्यासारखे आहे. पण मिस्त्रीने हेडलाइटचा होल्डर बदलला म्हणून गिअरबॉक्सची हमी गेली, हे का मानावे?

या प्रश्नाला आधार देणारा एक आदेश आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्याच आदेशात आयोगाने म्हटले की, बाहेरच्या मेकॅनिककडे दुरुस्ती केली एवढ्यावरून हमी रद्द करू नये. त्या दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. आदेश चारचाकींपुरता होता आणि कंपन्या त्याविरुद्ध अपिलातही गेल्या. तरीही जिल्हा आयोगापुढे युक्तिवाद करताना तो दाखवायला काहीच हरकत नाही. विम्याच्या क्षेत्रातही सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली चोरीला गेलेल्या गाडीच्या एका दाव्यात अशीच दिशा घेतली. गाडी भाड्याने वापरून अट मोडली होती, पण चोरीशी त्याचा संबंध नव्हता. त्यामुळे दावा सरसकट न फेटाळता ७५ टक्के रक्कम देण्याचा निर्णय न्यायालयाने कायम ठेवला.

"पण तुम्ही सही केली आहे," असे काउंटरवरून सांगितले जाते. त्या सहीला किंमत आहे, पण ती अमर्याद नाही. २ एप्रिल २०१९ रोजी, घर घेणाऱ्या एका ग्राहकाच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ज्या करारात ग्राहकाला सही करण्यावाचून पर्यायच नव्हता, त्यातल्या एकतर्फी अटी त्याला बांधत नाहीत; अशा अटी घालणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाळली जाण्याची वाजवी शक्यता नसलेली हमी देणेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात याच सदरात येते. पैसे घेऊन नोंदच न केलेली वाढीव हमी दुसऱ्या कशात बसणार? एक सावधगिरी मात्र हवी. नव्या कायद्यात 'अन्याय्य करार' ही वेगळी व्याख्या आहे आणि तशा तक्रारी जिल्हा आयोगाकडे नव्हे, राज्य आयोगाकडे जातात. दोन-तीन हजारांच्या हमीसाठी तिथवर जायचे नसेल, तर तक्रार 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हणून मांडावी.

कायद्याइतकेच महत्त्व वर्कशॉपमधल्या त्या पहिल्या दिवसाला आहे. गाडी आत घेताना जॉबकार्ड भरले जाते. त्यावर सल्लागार 'जनरल चेकअप' लिहून मोकळा होतो आणि ग्राहक सही करतो. पुढे दोन वर्षांनी आयोगापुढे हाच कागद निघतो, आणि त्यावर इंजिनाच्या आवाजाचा उल्लेखच नसतो. तक्रार स्वतःच्या शब्दांत, तारीख आणि किलोमीटरसह लिहून घ्यावी आणि जॉबकार्डची प्रत मागून घ्यावी. काढलेला भाग परत मागावा, निदान त्याचा फोटो काढावा. हमी नाकारली तर ती कोणत्या अटीखाली नाकारली, हे लेखी मागावे. लेखी देत नसतील तर त्याच दिवशी ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर 'आपण आज असे सांगितले' एवढे पाठवून ठेवावे. दोष बनावटीचा आहे की वापराचा यावर वाद अडला, तर आयोग तो भाग प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. भाग भंगारात गेला असेल तर तपासणार काय?

हे हक्क आपोआप आलेले नाहीत. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे, त्या काळात विक्रेत्याला जाब विचारण्याची कल्पनाही कुणी करत नसे. त्या दिवसांत, १९७४ साली, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ग्राहक संरक्षण कायदा २४ डिसेंबर १९८६ ला आला, त्याची पायवाट अशा लोकांनी पाडली.

नळदुर्गसारख्या सरहद्दीवरच्या गावासाठी सगळ्यात मोलाचा बदल २० जुलै २०२० ला झाला. त्या दिवशी नवा कायदा लागू झाला. गाडी घेतलेली सोलापुरात आणि राहायचे धाराशिव जिल्ह्यात, ही इथली नेहमीची स्थिती. जुन्या कायद्यात विक्रेत्याचा व्यवसाय जिथे चालतो किंवा वाद जिथे घडला, तिथेच जावे लागे. आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगाकडेही तक्रार करता येते. नळदुर्गकराला सोलापूरही जवळच, त्यामुळे दोन्हींपैकी सोयीचे ठिकाण त्याने निवडावे. ती निवड आता त्याच्या हातात आहे. तक्रार ऑनलाइनही दाखल होते.

त्याआधी दोन पायऱ्या चढाव्यात. विक्रेता आणि कंपनी, दोघांनाही पंधरा दिवसांची मुदत देणारे पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पोचपावती जपून ठेवावी. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. तिथे मराठीतही बोलता येते. एवढ्यावरही काही वाद मिटतात, कारण कंपनीच्या मुख्य कार्यालयाला तोवर प्रकरणाची खबरच नसते. मिटला नाही तर जिल्हा आयोग. मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. गाडीवर दुधाचे कॅन बांधून रतीब घालणाराही, स्वयंरोजगारातून पोट भरत असेल तर, कायद्याने ग्राहकच आहे. मुदत मात्र विसरू नये : वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षे.

मागायचे काय, हेही आधी ठरवावे. संतापाच्या भरात 'नवी गाडी द्या' असे लिहिले जाते. मारुती कंपनीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच सांगितले की, हमी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल, तर तेवढेच मिळेल, अख्खी गाडी नव्हे. त्यापेक्षा दुरुस्तीचा खर्च, हमीपोटी भरलेले पैसे, गाडी बंद होती त्या दिवसांचे एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च असे एकेक कलम आकड्यांनिशी मांडले तर ते आयोगाला मंजूर करता येते. एसटीची तिकिटे ठेवली असतील तर उत्तमच.

निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, याची तयारी ठेवावी. आयोगाने मध्यस्थी सुचवली आणि विक्रेता भाग बदलून द्यायला तयार झाला, तर त्या तडजोडीचा विचार जरूर करावा. कारण गाडीवाचून रोजचा खोळंबा ग्राहकाचाच होतो. निकाल विरुद्ध गेला तर विक्रेत्याला ४५ दिवसांत अपील करता येते, पण त्यासाठी ठरलेल्या रकमेपैकी निम्मी आधी भरावी लागते. आणि अपीलही नाही, पैसेही नाहीत अशी टाळाटाळ केली, तर कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५,००० ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यासाठीचा अर्ज त्याच जिल्हा आयोगाकडे करायचा असतो.