असाइनमेंटचे कागद आणि घरातली पेटी

घरी राहून एम.ए. करणे ही आता आपल्या मोहल्ल्यांत नवलाची गोष्ट राहिलेली नाही. डी.एड., बी.एड. होऊन शाळेला लागलेले शिक्षक, निकाहनंतर कॉलेज सुटलेल्या सुना, दुकान सांभाळून शिकणारी मुले, सगळेच दूरशिक्षणाचा फॉर्म भरतात. त्यांतले पुष्कळजण इतिहास घेतात. प्रयोगशाळा नको, गणित नको, वाचून जमेल असे वाटते. काही महिन्यांनी असाइनमेंटचे प्रश्न हातात पडतात आणि मग आमच्याकडे विचारणा सुरू होते. आम्ही रेणापुरातले तीन-चार शिक्षक याच वाटेने गेलो, काहीजण अजून वाटेतच आहोत. पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: तयार असाइनमेंट कुठे मिळते?

मिळते. झेरॉक्सच्या दुकानात मिळते, मोबाईलवर पीडीएफ येते, आणि पानामागे पैसे घेऊन स्वतःच्या अक्षरात लिहून देणारेही आहेत. दुधात पाणी घातले म्हणून आपण गवळ्याला बोल लावतो. ज्या पदवीवर उद्या पगारवाढ किंवा नोकरी मिळवायची, तिच्यात दुसऱ्याच्या हातचे पाणी किती, हाही हिशेब घरात बसून करायला हवा. पण आमचे म्हणणे एवढ्यावर थांबत नाही. तयार उत्तर विकत घेणाऱ्याचे जे नुकसान होते ते गुणांच्या पलीकडचे आहे, आणि आपल्या भागातल्या मुस्लिम घरांचे तर अधिकच.

आधी व्यवहार सांगतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली स्थापन झाले. त्याच्या इतिहासाच्या एम.ए.मध्ये आम्ही शिकलो तेव्हा आठ-आठ श्रेयांकांचे आठ पेपर होते. एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास, म्हणजे एका पेपरला २४० तास. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पण चार वर्षांपर्यंत पुरा करण्याची मुभा. दर पेपरला एक असाइनमेंट, म्हणजे विद्यापीठाच्या हिंदीत ‘सत्रीय कार्य’. दोन विभागांतून मिळून पाच प्रश्न सोडवायचे, प्रत्येक विभागातून निदान दोन, आणि प्रत्येक उत्तर सुमारे ५०० शब्दांचे. एका पेपरचे अडीच हजार शब्द झाले. आठ पेपरांचे वीस हजार. आणि हे सगळे हाताने लिहायचे, टाइप केलेले चालत नाही.

निकालात असाइनमेंटचा वाटा ३० टक्के, लेखी परीक्षेचा ७० टक्के. दोन्हीकडे वेगवेगळे निदान ४० टक्के लागतात, एकीकडचे गुण दुसरीकडची तूट भरून काढत नाहीत. पुढे नेट द्यायची तर एम.ए.ला ५५ टक्के हवेत, ओबीसी व इतर राखीव गटांना ५०. म्हणून असाइनमेंटकडे लोक गुण वाढवायची खिडकी म्हणून पाहतात. त्यात गैर काही नाही. मात्र प्रश्न सत्राप्रमाणे बदलतात आणि त्या सत्राचेच प्रश्न लिहावे लागतात. मोठ्या भावाची दोन वर्षांपूर्वीची वही उतरवून काढली तर मेहनतही गेली आणि सत्रही गेले.

वेळ कुठून आणायचा? शाळा, घर, मुलांचा अभ्यास, पाहुणे. आमच्यातल्या एका बाईंनी फजरनंतरचा पाऊण तास धरला. रोज एक पान, जास्त नाही. रमजानमध्ये सहरीनंतर तेच. पाचशे शब्दांची तीन-चार पाने होतात, म्हणजे चार दिवसांत एक उत्तर आणि वीस दिवसांत एक असाइनमेंट. शेवटच्या आठवड्यात रात्र-रात्र बसून चार पेपर उरकणाऱ्यांचे अक्षर तिसऱ्या उत्तरापासूनच ओळखू येते.

भाषेची अडचण खरी आहे. इग्नूच्या या अभ्यासक्रमाला माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाही. मराठी शाळेत शिकलेला विद्यार्थी हिंदी सोपी समजून घेतो आणि फसतो. मराठीत शिक्षा तुरुंगात होते, हिंदीत शाळेत मिळते. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. आपत्ति म्हणजे हिंदीत हरकतसुद्धा. उर्दू शिकलेल्या मुलांना हे कमी नडते, पण त्यांची अडचण लिपीची. भराभर देवनागरी लिहायची सवय नसते. त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठातून, जे १९९८ मध्ये सुरू झाले, उर्दू माध्यमातून दूरशिक्षणाने इतिहासाचे एम.ए. करता येते. आपल्या भागाला हे नवीनही नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उघडले आणि उच्च शिक्षण उर्दूतूनच दिले गेले. त्यासाठी इंग्रजी ग्रंथांचे तर्जुमे करणारे खातेच उभे केले होते.

आणि मध्ययुगावरचे प्रश्न आले की आपल्या घरच्या भाषेचा फायदा दिसू लागतो. इक्ता, जमाबंदी, मदद-ए-मआश, तकावी हे शब्द वर्गातल्या इतर मुलांना पाठ करावे लागतात. आपल्याला ते कानाने ओळखीचे. तकावीचीच मराठवाड्यातली तगाई झाली. मदद-ए-मआशची जमीन म्हणजे काय हे ज्याच्या गावात दर्ग्याची इनाम जमीन आहे त्याला दोन ओळींत समजते. अशा ठिकाणी उत्तरात पुस्तकातली व्याख्या तर लिहावीच, पण गावचे उदाहरण एका वाक्यात जोडावे. तपासणारा शंभर वह्यांत तेच-तेच वाचून कंटाळलेला असतो.

आता पेटीकडे येतो. आपल्या बहुतेक घरांत एक पत्र्याची पेटी असते. निकाहनामे, जमिनीचे कागद, एखादी सनद, आजोबांचे सर्टिफिकेट. सगळे उर्दूत. घरातली मराठी शाळेत शिकलेली पिढी ते वाचू शकत नाही आणि जपून मात्र ठेवते. इतिहासाच्या पेपरात साधन म्हणजे काय, अस्सल साधन आणि दुय्यम साधन यांत फरक काय, असे प्रश्न येतात. तयार उत्तरात त्याची तीच ती पुस्तकी यादी असते: शिलालेख, नाणी, ताम्रपट. पेटीतला एक कागद समोर घेऊन बसले की हाच प्रश्न जिवंत होतो.

असे समजा, कागदावर सन लिहिला आहे १३५७. कुठला सन? हिजरी धरला तर इसवी १९३८-३९ येते. पण निजामाच्या राज्यात महसुलाचे कागद फसली सनाने लिहीत. आपल्या भागातल्या फसलीत ५९० मिळवले की जवळपास इसवी सन मिळतो. म्हणजे १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. तोच आकडा, आणि दहा वर्षांचा फरक. कागद निकाहनामा असेल तर हिजरी असण्याचा संभव, पावती किंवा जमिनीचा असेल तर फसलीचा. महिन्याचे नाव रजब, शाबान आहे की आजर, बहमन, हे पाहिले की निकाल लागतो. कागदावर मोमिनाबाद असेल तर ते आपल्या वाटेवरचे अंबाजोगाई. जिल्हा उस्मानाबाद असेल तर गोंधळू नये, लातूर जिल्हा १९८२ साली त्यातून वेगळा झाला. असा एक कागद नीट वाचलेला विद्यार्थी साधनांवरचे पाचशे शब्द कुणाच्याही पीडीएफशिवाय लिहितो. आम्ही हे आमच्या गटात करून पाहिले आहे.

सगळ्यांत अवघड उत्तर येते ते संस्थानांच्या विलीनीकरणाचे. राष्ट्रीय चळवळीवर लिहिताना ते टाळता येत नाही. पुस्तकात हैदराबादला काही ओळी मिळतात: १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली. आपल्या शाळेत आपण १७ सप्टेंबरला झेंडावंदन करतो, मुलांची भाषणे बसवतो. आणि घरात तो विषय निघाला की दादी उठून आत जाते. “जाने दो बेटा, पुरानी बातां हैं.” विद्यार्थी या दोन्हींच्या मध्ये सापडतो. मग तो तयार उत्तर उतरवतो, कारण त्यात त्याला स्वतःला काही म्हणावे लागत नाही.

आमचे म्हणणे, इथेच लिहावे. आणि नीट लिहावे. रझाकारांनी गावोगाव काय केले ते आधी लिहावे, आडपडदा न ठेवता. त्यांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचाच वकील होता. आपल्या शेजारच्या हिंदू घरांत त्या दिवसांच्या आठवणी आहेत, त्या घरातल्या आजोबांना जाऊन विचारावे. ते सांगतात. त्यानंतर जे झाले तेही लिहावे. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या शिष्टमंडळाला सरकारनेच पाठवले होते. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी हैदराबाद राज्यात फिरून अहवाल दिला. पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. म्हणजे आपणच. अहवाल सरकारने अनेक वर्षे प्रसिद्ध केला नाही. पुढे ए. जी. नूरानी यांनी हैदराबादवरच्या आपल्या पुस्तकात तो छापला. त्याच अहवालात हिंदू विणकरांनी आपल्या मुस्लिम विणकर भावंडांना स्वतःचे जीव देऊन वाचवल्याची नोंद आहे, पळवून नेलेल्या मुस्लिम बायका परत आणायला हिंदूंनी मदत केल्याचीही आहे. तीही उत्तरात आली पाहिजे.

हे तिन्ही एका उत्तरात मावते का? पाचशे शब्दांत मावते, रडारड आणि घोषणा दोन्ही गाळल्या तर. आकडा दिला की तो कुणाचा हे त्याच वाक्यात लिहावे. अहवालाचा अंदाज हा अंदाज आहे, मोजदाद नाही, हेही लिहावे. घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असेल तर त्यांनी स्वतः पाहिले की कुणाकडून ऐकले, त्या वेळी वय काय होते, हे विचारून घ्यावे. दोघांना वेगवेगळे बसवून विचारावे. एकत्र विचारले की धाकटा थोरल्याच्या होला हो करतो. आणि हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये. १९४८ ला दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या आसपास आहे.

उत्तराला गुण किती मिळतील? सांगता येत नाही. वही परत येते तेव्हा पुष्कळदा शेरा नसतो, नुसता आकडा असतो. एका केंद्रावरून तर आमच्यातल्या एकाची वही परत आलीच नाही. म्हणून देण्याआधी पूर्ण वहीची झेरॉक्स काढावी आणि जमा केल्याची पावती घेतल्याशिवाय दारातून हलू नये. स्कॅन करून संगणकावर चढवायची असेल तर त्या पानाचा फोटो ठेवावा. नाव, नोंदणी क्रमांक, पेपरचा संकेतांक पहिल्या पानावर. डावीकडे समास सोडावा. शेवटची तारीख दर सत्राला विद्यापीठाच्या सूचनेत पाहावी, मागच्या वर्षीची धरून बसू नये.

एका माणसाचे नाव मात्र या निमित्ताने सांगायचे आहे. सेतुमाधवराव पगडी. जन्म १९१०, आपल्याच निलंग्याचा. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरी केली, फारसी-उर्दू त्यांना घरच्यासारखी. मोगल दरबारच्या फारसी साधनांतून मराठ्यांचा इतिहास त्यांनी मराठीत आणला, कारण ते ती लिपी वाचू शकत होते. अलीकडचीच गोष्ट पाहा. २०२३ साली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. निजामकालीन दप्तरे उघडली तेव्हा ती उर्दूत आणि मोडीत निघाली, आणि वाचणारे शोधण्याची वेळ आली. आपल्या मुलांना उर्दूचा पेपर ‘काय कामाचा’ म्हणून सोडायला सांगणाऱ्या पालकांनी यावर जरा विचार करावा. उर्दू येणारा, मराठी येणारा आणि इतिहासाची शिस्त शिकलेला माणूस मराठवाड्यात तालुक्याला एक तरी लागणार आहे.

ज्यांना पेटी उघडायची आहे त्यांच्यासाठी थोडे. जुन्या कागदाचे लॅमिनेशन करू नका. गावात सगळीकडे होते, स्वस्तही आहे, पण उष्णतेने शाई आणि कागद दोन्ही बिघडतात आणि प्लास्टिक पुन्हा निघत नाही. घड्या हलक्या हाताने उघडा. चिकटपट्टी लावू नका. उन्हात वाळवू नका, सावलीत वाऱ्याला ठेवा. मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कारण शिक्का आणि तारीख पुष्कळदा मागच्या बाजूला असते. मग घरात जे कुणी उर्दू वाचते त्यांना, अम्मीला, खालाला, मदरशातल्या मौलानांना, समोर बसवून ओळीओळीने वाचून घ्या आणि वहीत देवनागरीत उतरवा. जो शब्द लागत नाही तिथे जागा कोरी सोडा. अंदाजाने भरू नका.